हिरव्या स्वेटरची दुसरी बाही

मी एक सुई बोलतेय. शिवणाची नव्हे, विणायची. शिवणाच्या सुईला निदान एक डोळा तरी असतो, मला तोही नाही. पण पाहिलंय मात्र मी पुष्कळ. माझी जुळी बहीण सतत माझ्यासोबत असते. ती फारशी बोलत नाही, म्हणून तिच्या वाटचंही मीच बोलते. जरा टोचून बोलते, पण माझा जन्मच तसा आहे, मनावर घेऊ नका.

तुम्हाला वाटेल, मी दुकानातून आले. छे! मी जन्माने सायकलची तार. किनंगोपच्या पठारावर, जिथे जानेवारीच्या कोरड्या दिवसांतही पहाटे कोबीच्या पानांवर हिव साचतं, तिथल्या एका काळ्या सायकलच्या मागच्या चाकात आम्ही दोघी गरागरा फिरायचो. मालक दुधाचे कॅन लादून डेअरीवर जायचा. एकदा दगडी उतारावर सायकल घसरली आणि चाक पार वेडंवाकडं झालं. मालकाने ते गोठ्यामागे भिरकावून दिलं. तिथे गवतात पडल्या पडल्या मी गंज चढायची वाट बघत होते.

मालकाचा मुलगा वाहोमे मेंढ्या राखायचा. त्याने आम्हाला चाकातून ओढून काढलं आणि ओढ्याकाठच्या दगडावर घासघासून आमच्या एका टोकाला अणी आणली. दुसऱ्या टोकाला आमची डोकी जन्मतःच वाकडी होती, ती तशीच ठेवली. त्यामुळे टाके घसरून पडत नाहीत. त्या वाकड्या डोक्यांवरून मी कधी लाजले नाही.

आमच्याकडे मेंढ्यांमागची सगळीच पोरं विणायची. तारेच्या कुंपणाला अडकलेली लोकर गोळा करायची, मांडीवर वळायची आणि टोप्या विणायच्या. वाहोमे मला काखेत दाबून धरायचा आणि टाके असे आवळायचा, की जणू टाका सुटला तर मेंढीच पळून जाईल! त्याने पहिली टोपी स्वतःला केली. दुसरी आईसाठी विणायला घेतली. आईला तो ‘माई’ म्हणायचा, तिचं नाव वाइरिमू.

ती टोपी अर्धी झाली आणि वाहोमे वयात आला. आमच्याकडे मुलाचा संस्कार होतो, काही दिवस तो बरोबरीच्या पोरांसोबत वेगळा राहतो आणि परत येतो तो पुरुष होऊन. मग पोरपणाच्या वस्तू त्याने सोडायच्या असतात. वाहोमे परत आला आणि सवयीने त्याने टोपी हातात घेतली. माईने पुढे होऊन आम्हाला त्याच्या मुठीतून अलगद सोडवून घेतलं.

“पुरे आता, पोरा,” ती म्हणाली. “पुरुष झालास तू. लोक हसतील.”

माईने आम्हाला त्या अर्ध्या टोपीसकट कापडात गुंडाळून छपराच्या वाशात खोचलं. चुलीचा धूर खात किती वर्षं गेली, मला सांगता यायचं नाही. टाके अंगावर घेऊन निजणं फार अवघड असतं. पुढच्या ओळीची वाट बघत राहावं लागतं.

मग न्यावीरा सून होऊन आली. ती विणते हे कळल्यावर सासूने आम्हाला खाली काढलं. सुनेने ती टोपी पुरी केली, आणि माईने ती शेवटच्या आजारातही डोक्यावरून उतरवू दिली नाही. वाहोमेने टोपी ओळखली होती. पण तोंडातून शब्द काढेल तर तो वाहोमे कसला!

न्यावीराच्या हातात माझं खरं आयुष्य गेलं. तिच्याकडे पायाचं शिलाई मशीनही आहे, ओसरीत बसवलेलं. मशीनला वाटतं, घर त्याच्यावर चालतं. असेल बापडं. पण मशीनपुढे बसायला निवांत वेळ लागतो, आणि तो न्यावीराला कुठून मिळणार? मी तिच्यासोबत हिंडते. डेअरीच्या रांगेत दोन ओळी, चर्चमध्ये प्रवचन सुरू होईपर्यंत तीन, चुलीवर मुकिमोत कुस्करायचे बटाटे शिजेपर्यंत एखादी. कुणी हाक मारली की तिचं उत्तर ठरलेलं.

“एवढी ओळ संपली की आलेच!”

ती ओळ कधीच संपत नाही, हे पोरांना पाठ झालंय.

आणि विणण्याशिवाय माझ्याकडून काय काय करून घेतात म्हणता? बटाटा शिजला का बघायला मलाच खुपसतात. धाकट्या गिथिंजीने लोकरीच्या गुंड्याचा फुटबॉल केला आणि मला गोलखांब. वाहोमेने तर माझ्या बहिणीला रेडिओची एरियल करून बातम्या ऐकल्या. ती अजून मधूनच खरखरते. पण खरं सांगू, धूर खात पडून राहण्यापेक्षा हे हाल मला गोड वाटले.

न्यावीराची थोरली मुलगी वाइरिमू. रीतच आहे, पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव. आणि नुसतं नाव नाही, ती आजीच परत आली असं मानतात. म्हणून वाहोमे लेकीला ‘माई’ म्हणतो. न्यावीराही संधी सोडत नाही. “उठा हो सासूबाई, सूर्य डोक्यावर आला,” असं रोज सकाळी चालतं.

तर ही माई आता मोठ्या शाळेत, वसतिगृहात राहायला निघाली होती. सोमवारी जायचं. त्या शाळेचा स्वेटर हिरवा, गळ्याला पिवळी पट्टी, आणि तो अंगात नसेल तर फाटकावरच्या बाई मुलीला आल्या पावली परत पाठवतात. दुकानात तो रंग मिळत नव्हता. आणि न्यावीरासारख्या विणणारीच्या लेकीने दुकानाचा स्वेटर घालायचा?

पण न्यावीराच्या हाताखाली चर्चच्या गायनमंडळाचे झगे पडले होते, रविवारच्या सोहळ्यासाठी. शिवाय गावातल्या दहा घरचे स्वेटर. दिवसा झगे, येताजाता स्वेटर, आणि आपल्या पोरीचा सगळ्यांत शेवटी. पाठ, पोट, गळा आणि एक बाही झाली. दुसरी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उतरली आणि तिथेच अडकली.

“अख्ख्या गावाच्या मुली तुझे स्वेटर घालून शाळेत जातात,” वाइरिमू फणकारली. “मी काय वाटेवर सापडले का गं?”

“एवढा झगा झाला की घेतेच, राणी.”

“तुझा झगा झाला की ओळ, ओळ झाली की झगा. माझा नंबर कधी?”

न्यावीराला ते लागलं. ती मशीन भराभर चालवू लागली. तेवढ्यात आतून गिथिंजी ओरडला, “आई, दूध उतू चाललं!” तिने मान वळवली, पाय मात्र चालूच राहिला आणि मशीनची सुई थेट तिच्या तर्जनीतून गेली. दवाखान्यात सुईचा तुकडा काढून बोटाला हे एवढं बांधून दिलं. मशीनला तोंड दाखवायला जागा उरली नाही. मी एरवी त्याला टाकून बोलते, पण त्या दिवशी मलाही त्याची कीव आली.

झगे शेजारणीने पुरे केले. पण बाहीला हात लावायला कोणी मोकळं नव्हतं. शाळा उघडायच्या तोंडावर सुया हातात असलेली प्रत्येक बाई आपल्याच पोराच्या स्वेटरात अडकलेली. शनिवारी दुपारी न्यावीराने बांधलेल्या बोटानेच प्रयत्न केला. टाके भराभर सुटले. तिने आम्हाला मांडीवर ठेवलं आणि रडू लागली.

“राहू दे, आई,” वाइरिमू म्हणाली. राग कुठच्या कुठे गेला होता. “परत पाठवलं तर येईन परत.”

वाहोमे दारात उभा होता. आत आला, बाहेर गेला. दोन लाकडं फोडली, पुन्हा आत आला.

“मला येतं,” तो म्हणाला.

“काय येतं?” न्यावीराने नाक पुसलं.

“विणता.”

रडता रडता न्यावीराला हसू फुटलं. “अहो वाइरिमूचे बाबा, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही!”

“त्या सुया माझ्याच आहेत. मीच घासल्या. माईने काढून घेतल्या होत्या.” तो घुटमळला. “तिने घेतल्या, तर तिच्या परवानगीशिवाय कसा हात लावू? आता ती कुठे आहे?”

“कुठे आहे म्हणजे?” न्यावीराने लेकीकडे हनुवटी उडवली. “ही काय, पाय पसरून शेंगा सोलत बसलीय!”

वाइरिमू पहिल्यांदा खिदळली. मग तिने बापाचं तोंड बघितलं. पाय जवळ घेऊन ती ताठ बसली, अगदी म्हातारीसारखी.

“वाहोमे, इकडे ये.”

तो खरंच पुढे गेला. एवढा थोरला बाप्या, टोपी काढून उभा राहिला.

“पोर थंडीत उघड्या हाताने जाणार. तुझं पुरुषपण काय तिच्या खांद्यावर घालू? बैस आणि वीण.”

“बरं, माई,” तो म्हणाला. “पण दार लावून घ्या.”

त्याने मला काखेत दाबलं आणि मी ते हात ओळखले. बोटं जाडजूड झाली होती, घट्टे पडले होते, पण आवळणं तेच! मला इतका आनंद झाला की बहिणीवर आपटून मी उगाच टकटक करत राहिले. शनिवार गेला. रविवारी चर्च, पाहुणे, गाय व्यायलेली. दाराआड मिळेल तेवढा वेळ तो विणत होता, पण सोमवार उजाडला तेव्हा थोडी बाही आणि मनगटाची पट्टी राहिलीच.

“आता?” न्यावीराने विचारलं.

आता मटाटू, म्हणजे माणसांनी खच्चून भरलेली भाड्याची गाडी. तिथे लावायला दार नव्हतं. वाइरिमू स्वेटर घालूनच गाडीत बसली, पत्र्याची पेटी टपावर, आणि शेजारी वाहोमे, लेकीच्या बाहीला दोन सुयांनी लटकलेला. प्रत्येक ओळीला तिला अंग वळवावं लागे. सगळी गाडी एकदम हसत सुटली.

“काका, सुया आत घ्या,” कंडक्टर म्हणाला. “नाहीतर त्यांचंही तिकीट लावीन.”

“घरी काकू बऱ्या आहेत ना?” मागून एका तरुणाने विचारलं. “की चूलही तुमच्याकडेच?”

वाहोमेचे कान लाल झाले. टाके आणखी आवळले. त्याला खरी भीती होती ती पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याची. हातात काठी, डोक्यावर हॅट, गावच्या पंचांतला माणूस. तो खिडकीबाहेर तोंड करून बसला होता. वाहोमेने विणणं थांबवलं आणि आम्हाला कोटाखाली सारलं.

“थांबलास का?” म्हातारा वळला. “मागच्या ओळीत टाका पडलाय. तो आधी उचल.”

“तुम्हाला कसं कळलं, आजोबा?”

“मेंढ्या काय एकट्या तुझ्या बापाच्याच होत्या? आण इकडे.” आणि त्याने काठी गुडघ्यात धरून नखाने तो टाका बरोबर वर घेतला.

“पट्टीला एक सुलटा, एक उलटा घ्या,” ड्रायव्हरच्या शेजारचा माणूस मान वळवून म्हणाला. “दोन दोन घ्याल तर ढिली पडते.”

“काही ढिली पडत नाही, हात पाहिजे!” आणखी कुणी म्हणालं. मग जी हुज्जत सुरू झाली, तीत बायकांना बोलायलाच मिळेना. चुलीची चौकशी करणारा तो तरुण तेवढा गप्प होता.

शाळेचं फाटक आलं. पेटी खाली उतरली. कंडक्टरने गाडीवर थाप मारली. “काका, चला!”

“एवढी ओळ संपली की उतरतोच,” वाहोमे म्हणाला.

वाइरिमू एवढी हसली की हसता हसता तिचे डोळे भरून आले. गाडी थांबून राहिली.

पेटीवर बसून वाहोमेने टाके बंद केले. वाइरिमूने आईने दिलेल्या सुईदोऱ्याने बाहीची शिवण स्वतःच घातली. फाटकावरच्या बाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक बाही जरा आवळ होती, पण रंग हिरवा, पट्टी पिवळी. त्यांनी होकाराची मान डोलावली.

वाहोमे आम्हाला कोटाच्या आतल्या खिशात खोल दडवत होता. वाइरिमूने त्याचा हात धरला आणि आम्हाला त्याच्या मुठीतून अलगद सोडवून घेतलं. अगदी तसंच! आता पुन्हा वासा, पुन्हा धूर.

“वाहोमे,” ती म्हणाली.

“हं, माई?”

“तेव्हा मी घेतल्या होत्या ना? चुकलंच माझं. घे, परत देते.”

तिने आम्हाला त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. मग ती आत गेली. एवढा मोठा माणूस फाटकाबाहेर उभा राहून ढसाढसा रडला, आणि त्याच्या मुठीत मी होते. परत येताना आम्ही त्याच्या वरच्या खिशात बसलो, वाकडी डोकी बाहेर काढून, सगळ्या गाडीला दिसतील अशी.

न्यावीराचं बोट बरं झालंय, जरा वाकतं कमी. आता माझ्यासाठी घरात भांडणं होतात. “हात ढिला सोडा हो, लोकर आहे, मेंढी नव्हे,” ती म्हणते. शाळेतल्या भेटीच्या दिवशी तिने ती आवळ बाही उसवून नीट करून देते म्हटलं, तर वाइरिमूने हात पाठीमागे लपवला.

माझी अणी आता बोथट झालीय, बहीण मधोमध वाकलीय. तक्रार नाही. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाच्या हातून काढून घेतलेलं काही कुठल्या वाशात खोचून ठेवलं असेल, तर ते खाली काढा आणि ज्याचं त्याला देऊन टाका. टाके वाट बघत असतात.

बरं, येते. वाहोमे डेअरीच्या रांगेत उभा राहिलाय आणि त्याने मला काखेत घेतलंय. एवढी ओळ संपू दे.