गोधडीखालची राखणदारीण

शिसं पाण्यात पडलं, चर्रकन आवाज झाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दाटलेल्या एकोणीस शेजाऱ्यांनी एकदम छातीवर क्रुसाची खूण केली. दृष्ट काढणाऱ्या स्तोयानाबाईंनी भांड्यातला वेडावाकडा गोळा वर धरला.

"बघा! साप! तोंड वासलेला!"

वितळलेलं शिसं गार पाण्यात ओतलं की सापासारखंच होतं. गेल्या वर्षी बाईंना माझ्या गुडघ्यातही सापच दिसला होता. पण त्या दिवशी हसायची सोय नव्हती. माझा मित्र विटोमिर पलंगावर डोळे मिटून पडला होता. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं.

आमच्या सर्बियात म्हणतात, उंबऱ्याखालचा साप घराचा राखणदार. तो मेला की चाळीस दिवसांत घरधनी मागोमाग. गाव सुटलं, उंबरा सुटला, म्हणून विटोमिरने फ्लॅटमध्ये काचेच्या पेटीत नारिंगी सापीण पाळली. मिलेना. मागच्या सोमवारी तिने उंदराकडे ढुंकून पाहिलं नाही, डोळे दुधाळ झाले. स्तोयानाबाई म्हणाल्या, "दृष्ट! खिडकीच्या वाऱ्यावरून आलीय. पेटीची भोकं मोज्यांनी बुजवा, गोधडी घाला, पेटीतला उबेचा दिवा विझू देऊ नका. नाहीतर शनिवार बघणार नाही ती."

शुक्रवारी मिलेना गेली. बाईंचा शब्द खरा ठरला. आता विटोमिरला वाचवायला चाळीस दिवस रोज शिसं, रोज बाईंना एक कोंबडी.

"खालच्या मजल्यावरच्या गोरानने विष घातलं असणार," कोणीतरी कुजबुजलं. गोरान तिथेच उभा होता.

तेवढ्यात विटोमिरची बायको रादोय्का जनावरांच्या डॉक्टरीणबाई देसांकांना घेऊन आली.

"मिलेनाला उघडून विष, जंतू, सगळं तपासलं. काही नाही. डोळे दुधाळ होतात ते कात टाकायच्या आधी. तेव्हा साप खात नाही. ती आजारी नव्हतीच."

"मग मेली कशी?" गोरानने विचारलं.

देसांकांनी रिकाम्या पेटीत थर्मामीटर ठेवला, भोकांत तेच मोजे कोंबले, वर गोधडी टाकली, दिवा लावला. "रादोय्काताई, कॉफी टाका. तासाभराने बघू."

"देवाच्या कामाला थर्मामीटर?" स्तोयानाबाई कडाडल्या.

"देवाच्या नाही, तुमच्या."

तासाने गोधडी उचलली. पारा एक्कावन्न अंशांवर.

"उकडून मेली," देसांका म्हणाल्या.

"ती दृष्टीची उष्णता!"

"असेल. तिचं बटण भिंतीवर आहे." त्यांनी ते बंद केलं, मोजे काढले. पारा उतरू लागला. एकोणीस जणांनी तो उतरताना पाहिला.

विटोमिरने एक डोळा उघडला. "म्हणजे मी मरत नाही?"

"मराल की, आजोबा. पण मिलेनाच्या मागोमाग नाही."

तो उठून बसला. पेटीवरून काढलेली गोधडी त्याने मांडीवर ओढली. "गोधडी मीच घातली होती," म्हणाला. "वर आणखी एक."

मग त्याने उठून खिडकी सताड उघडली, समोरचं दारही.

"अरे, वारा लागून आजारी पडू सगळे!" एकोणीस जण ओरडले. सर्वांत आधी डोकं झाकलं ते स्तोयानाबाईंनी.

मित्रांनो, भविष्य खरं ठरलं की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ते खरं व्हावं म्हणून आपल्याकडून काय काय करून घेतलं?

विटोमिर त्या वाऱ्यातच बसून दोन वाट्या सूप प्यायला. कोंबडीचं. ती स्तोयानाबाईंसाठी आणली होती.