काळा ठिपका

“या घरात कप म्हणून टिकत नाही. नजर लागलीय घराला.”

रव्याचं कुसकुस वळता वळता लल्ला मन्नूबिया पुटपुटल्या. पुटपुटणं असं, की मांडीला मांडी लावून बसलेल्या सुनेला नीट ऐकू जावं, पण उत्तर देता येऊ नये.

परातीतल्या रव्यावर पाणी शिंपडून वसीला हात फिरवत राहिली.

“आणि ही बोटं बघा! घरात पोरीची सोयरीक, लोक मेंदी लावतात. हिच्या बोटांना इस्पितळाची काजळी.”

“चांदीचे डाग आहेत, लल्ला. निघत नाहीत.”

“चांदी असती तर मी कधीच मोडून खाल्ली असती.”

वसीला हसली. सफाक्स शहरातल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती मेंदूचे पातळ काप चांदीच्या द्रावणात बुडवायची. चेतापेशीच्या ऐन मध्यावर मग एक काळा ठिपका उमटे. ती केंद्रिका. पेशीची प्रथिनं विणणारे रायबोसोम नावाचे माग तिथं घडतात. चेतापेशीची जागा घ्यायला दुसरी येत नाही, एकीनंच जन्मभर राबायचं, म्हणून तिचा ठिपका चांगला ठसठशीत. आजारी मेंदूत तो आक्रसतो, विखुरतो. माग घडेनासे होतात. पेशी मात्र पुष्कळ काळ जागेवर उभीच असते, टाळं लागलेल्या कारखान्यासारखी.

हातपाय आपोआप उडवणारा, बापाकडून लेकराकडे उतरणारा एक आजार असतो. त्याचे काप तिच्याकडे येत. वॉर्डातून जाता येता त्या रोग्यांची चालही तिनं पाहिली होती. आता ती चाल रोज घरात दिसत होती.

तिचा नवरा हादी बंदरावर मासेमारीची जाळी विणायचा. हल्ली गाठ मारायला गेलेलं बोट भलतीकडेच जाई. “रक्त तपासून घेऊ या,” ती एकदाच म्हणाली होती.

“औषध आहे का त्याच्यावर?”

“नाही.”

“मग झोप.”

तेव्हापासून तिचं तोंड शिवलेलं. हादीला तो आजार असेल, तर त्यांच्या लेकीला, रीमला, असण्याची शक्यता निम्मी. आणि रीमच्या सासरचे आज संध्याकाळी फातिहा वाचून लग्न पक्कं करायला येणार होते. बोलावं तर पोरीचं लग्न मोडणार. न बोलावं तर परक्याच्या पोराला फसवायचं, आणि पोरीलाही.

दाराच्या चौकटीवर खांदा आपटून हादी आत आला.

“नवऱ्या मुलाच्या मामानं मला बंदरावर झोकांड्या खाताना पाहिलं. निरोप आलाय. पितो का, विचारतात.”

लल्लांनी मान वर केली नाही. “प्यायलो होतो म्हणावं. तोबा केली म्हणावं.”

“मी? उम्मी, मला वासानं मळमळतं!”

“दारुड्याच्या मुली उजवतात रे.”

“आणि कुणाच्या उजवत नाहीत, लल्ला?” वसीलाच्या तोंडून निसटलंच.

लल्लांनी परात स्वतःकडे ओढली. शेजारच्या खोलीत इस्त्रीचा आवाज थांबला.

हादी भिंतीला धरून खाली बसला. मांडीवरचा हात उडत होता, तो त्यानं दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. “बाबांचं बरं होतं,” तो हसला. “निदान पिऊन तरी पडायचे. मी आपला कोरडाच.”

त्याच्या बापाला, सालेहला, अख्खा मोहल्ला दारुडा म्हणायचा. पोरं मागून त्याच्या झोकांड्यांची नक्कल करत चालायची. लल्लांनी कधी कुणाला अडवलं नव्हतं.

रीम नवा झगा हातावर घेऊन दारात आली. “आजी, मी काय सांगू त्याला? त्याचा फोन आलाय.”

लल्लांनी हात झटकले. बोटांना चिकटलेला रवा निघेना. बोलल्या हादीशी, पण बघत होत्या रीमकडे.

“तुझ्या बापानं,” त्या म्हणाल्या, “जन्मात थेंब घेतला नाही.”