एकेचाळीस नंबरचा उतारा

श्रेयाचा ताप काही केल्या हटत नव्हता. डॉक्टर झाले, गोळ्या बदलून झाल्या. सकाळी बरं वाटायचं आणि दुपार झाली की पुन्हा अंग फणफणायचं. घरात असं आजारी पोर असलं की आईचं डोकं कुठकुठं धावतं, हे काय सांगायला हवं? अंबिकाचं डोकं धावलं ते गॅलरीच्या टोकाला, एकेचाळीस नंबरकडे.

लालबागच्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या एकेचाळीस नंबरला वर्षभर कुलूप होतं. म्हातारे कमलाकांत तिथंच एकटे गेले. त्यांचा मुलगा हितेंद्र डोंबिवलीला. पण गेले दोन महिने भर दुपारी, सारा मजला पेंगत असताना, त्या बंद दाराआडून कुणीतरी गुणगुणायचं. भाषा कळायची नाही. कधी मागच्या जिन्यावर ओली पावलं उमटलेली दिसायची. इवलीशी पावलं! बघता बघता ती वाळून नाहीशी व्हायची.

"म्हातारा चांगला सहा फुटी होता," अंबिकाचा नवरा आनंदा चिडवायचा. "मेल्यावर पाय आटले काय गं त्याचे?"

"गप रे तू! नको त्या गोष्टीची मस्करी नको."

गावची रीत तिला पाठ होती. भर बाराला पत्रावळीवर दहीभात आणि उकडलेलं अंडं घ्यायचं, आजाऱ्यावरून ओवाळायचं, त्या दाराशी ठेवायचं आणि निघायचं. याला उतारा म्हणतात. वाटेत बोलायचं नाही, आणि मागं वळून तर मुळीच बघायचं नाही.

बुधवारी तिनं उतारा ठेवला. तासाभरानं उंबऱ्यावर रिकामी पत्रावळ होती. धुतलेली, नीट दुमडलेली! अंबिकाच्या अंगावर काटा आला.

"घेतलं गं त्यानं!" शेजारची प्रिती कुजबुजली. "तीन बुधवार चुकवू नकोस."

मधल्या आठवड्यात एक तरुण चौकशीला आला. वैभव त्याचं नाव, निर्वासितांना मदत करणाऱ्या एका संस्थेचा. "एकेचाळीसमध्ये कोण राहतं?"

"माणूस नाही राहत तिथं," अंबिका म्हणाली.

कुलूप दिसत असूनही त्यानं दार ठोठावलं. आत काहीतरी हललं आणि एकदम शांत झालं. "मागच्या खेपेलाही असंच," तो वहीत लिहीत म्हणाला. "पुढच्या गुरुवारी शेवटचा येतो. तेव्हाही दार उघडलं नाही आणि शेजाऱ्यांनीही हो म्हटलं नाही, तर त्यांची औषधं आणि रेशन बंद करावं लागेल."

कुणाची औषधं, हे अंबिकानं विचारलं नाही.

तिसऱ्या बुधवारी तिनं पान ठेवलं आणि ती वळली. चार पावलं गेली असेल नसेल, मागून खोकला आला. कोरडा, बारीक, लहान मुलाचा. तापात श्रेया खोकायची, अगदी तसाच! रीतभात विसरून तिनं मागं पाहिलं.

दाराशेजारच्या खिडकीची खालची फळी हळूच उघडली. काडीसारखा एक हात बाहेर आला, पान चाचपू लागला. मग चेहरा दिसला. डोक्यावर एक केस नाही, भुवया नाहीत, पापण्या नाहीत. नुसते दोन मोठे डोळे.

अंबिका किंचाळली. दारं उघडली, बायका धावल्या. पुढं जायला कुणी धजेना. पुढं झाल्या त्या फक्त त्याच मजल्यावरच्या सुंदराबाई. परळच्या एका इस्पितळात त्यांनी तीस वर्षं आयाचं काम केलं होतं. त्यांनी खिडकीतला तो हात धरला.

"काय गो बोंबलतस? ह्यां भूत न्हय. कॅन्सरचां औषध घेणारां पोर आसा. असल्या पोरांका मी तीस वर्सां न्हाणलंय!"

पुढच्या दाराला कुलूपच होतं, म्हणून सुंदराबाई बायकांना घेऊन मागच्या जिन्याकडच्या दारानं आत गेल्या. कोपऱ्यात एक बाई पोरीला पोटाशी धरून उभी होती. अफगाणिस्तानातून आलेली जरमीना, आणि तिची नऊ वर्षांची गुलालई. हितेंद्रनं खोली दिली होती. पण चाळीत बोभाटा नको म्हणून पुढचं कुलूप काढायचं नाही, आवाज करायचा नाही, ही त्याची अट. आधीच्या वस्तीतून शेजाऱ्यांनी हाकललेलं. दारावर थाप पडली की जरमीना पोरीचं तोंड दाबून धरायची.

"माफ करना," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "बच्ची भूखी थी. हमने समझा, आप लोग जानते हैं... इसलिए खाना रखते हैं."

बायकांनी माना खाली घातल्या.

"उद्या तो संस्थेवालो येतलो ना?" सुंदराबाईंनी विचारलं.

"कशाला लफड्यात पडायचं?" प्रिती पुटपुटली. "परके लोक. उद्या पोलीस आले म्हणजे?"

जरमीनानं पुढं केलेलं कार्ड सुंदराबाईंनी उचलून धरलं. "त्यांच्याकडे निर्वासिताचां कार्ड आसा, माझ्या हातात बघ. आणि परके म्हणतस? तुझो आजो गिरणीत इलो तेव्हा कोणाच्या खोलीत निजलो? भुताक भियान तुम्ही अंडी दिलात. माणूस म्हणान कोणी पाण्याचो तांब्या तरी दिलो?"

 अंबिकाला आपलेच शब्द आठवले. *माणूस नाही राहत तिथं.* तिच्या त्या एका वाक्यानं या पोरीची औषधं बंद होणार होती! कुणाला घाबरत होतो आपण, आणि खरं भय कुणाच्या वाट्याला आलं होतं?

गुरुवारी वैभव आला, वही उघडून उभा राहिला. प्रितीनं मागून पदर ओढला. अंबिकानं तो सोडवून घेतला.

"दोघी राहतात. जरमीना आणि तिची मुलगी गुलालई. दोन महिन्यांपासून. लिहा, आणि शेजारी म्हणून माझी सही घ्या." थांबून ती म्हणाली, "मागच्या वेळी मी खोटं बोलले, तेही लिहा."

सुंदराबाईंनी सही केली. अंबिकाच्या नवऱ्यानंही केली. थोड्या वेळानं प्रितीही पेन मागायला आली.

श्रेयाचा ताप टायफॉइडचा निघाला. औषधाचा कोर्स पुरा केल्यावर गेला. गुलालईचा आजार इतका सोपा नाही. तिचे उपचार अजून चालू आहेत, आणि इस्पितळात जायच्या दिवशी अंबिका सोबत जाते.

वाचकहो, परागंदा माणसांसाठी मदत असते, कार्डं असतात, संस्था असतात. पण ती मदत शेवटच्या दारापर्यंत पोचते, ती शेजाऱ्याच्या "हो, इथं राहतात" एवढ्याच शब्दावर. तो शब्द आपण दिला नाही, तर जितीजागती माणसं आपल्या भिंतीपलीकडे भुतं होऊन राहतात. म्हणून पलीकडे कोण राहतं असं कुणी विचारलं, तर आधी जाऊन बघावं. मगच उत्तर द्यावं.