प्रवासाचा खटका

यांचा उजवा हात लकव्याने गेला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून यांची हत्यारं माझ्या हातात आणि मी यांच्या हाकेत. पाण्याचा जग पूर्वीपासून पलंगाच्या उजवीकडे, तो तिथेच हवा. तिकडे हात पोचत नाही, म्हणून तासातासाला, "अगं, पाणी!" डावीकडे ठेवला की चिडायचे. "माझी जागा बदलू नकोस."

टाइपरायटर दुरुस्त करण्यात यांची हयात गेली. ऑफिसांतून आलेल्या मोठ्या मशीनचे अक्षरांचे खिळे मी पुसायचे. पन्नाशीत अक्षरं शिकले तीही त्या खिळ्यांवरून. तिथे ती उलटी असतात, म्हणून दुकानाची पाटी वाचताना अजून क्षणभर अडते.

शेजारच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांना म्हातारपणी जुन्या टाइपरायटरची हौस लागली. भंगारात सापडलेलं, पेटीत मावणारं एक मशीन घेऊन आले.

"काकू, दात म्हणाल तो उपटेन, पण हे कागद सरकवणारं कॅरेज हलत नाही. चालू केलंत तर माझा संग्रह तुम्हीच सांभाळा. आठवड्यातून तीन सकाळी या."

तीन सकाळी घराबाहेर! मी मशीन उचलून यांच्या पलंगापाशी नेलं.

यांनी डावा हात मशीनखाली घातला, चाचपलं, काढून घेतला. "स्प्रिंग गेलीय. मिळायची नाही आता. देऊन टाक परत."

"बघते तरी."

"बघ बाई. तू मोठी कारागीर!"

तळाचा पत्रा काढला. स्प्रिंग धडधाकट. मग हे म्हणाले, दातेरी चाक झिजलंय. चाकही बरं होतं. रोज नवा आजार निघे. रोज मी उघडे, पुसे, पुन्हा लावे, मधे चार वेळा पाणी. असे आठ दिवस.

शेवटी हात टेकले. पेटीत भरण्याआधी कडा पुसत होते, तर गंजाखाली नखाएवढं टोक लागलं. रॉकेलचा थेंब सोडून दाबलं. खट्! कळ दाबली, कॅरेज एक घर सरकलं. दाबत गेले, ओळ संपल्याची घंटी वाजली.

प्रवासात कॅरेज हलू नये म्हणून असतो हा खटका. मी पुसलेल्या मोठ्या मशीनना तो नसायचा, ती कुठे जातात? पण यांच्या हातून दोन्ही प्रकार गेले होते.

"पहिल्याच दिवशी हाताला लागला होता ना?"

यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "तू गेलीस तर हाक कोणाला मारू?"

मी खटका परत लावून टाकला. त्या दिवशी पाणी न मागता दिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. "काय काकू, जमलं?"

मशीन टेबलावर, जाम. नाही म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? हे टक लावून माझ्याकडे बघत होते. मी खटका सोडला, घंटी वाजेपर्यंत कळा दाबल्या.

"सोमवारी किती वाजता येऊ?" मी विचारलं.

मशीन सोमवारी घेऊन यायला सांगून डॉक्टर गेले. कितीतरी वेळ हाक नाही. मी तळाचे स्क्रू आवळत बसले.

"अगं," हे म्हणाले, "तो जग डावीकडे ठेव."