गॅरेजमधली खोली

गुडघे दुखायला लागल्यापासून सासरे वरच्या मजल्यावरून खाली उतरलेच नव्हते. सुनेने गॅरेजची खोली करायचं मनावर घेतलं, तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"अगं, उद्या घर विकायचं झालं तर? गॅरेज नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक नाक मुरडेल."

"विकायचंय कुणाला? बाबांना राहायचंय."

गवंड्याने जमीन उंच करून ओल अडवली, शटरच्या जागी दार-खिडकी बसवली. सासरे राहायला आले. दुसऱ्या सकाळी ती चहा घेऊन गेली, तर खोली रिकामी! ती बाहेर धावली. सासरे फाटकाशी काठी टेकून उभे होते आणि शेजारच्या मास्तरांशी तावातावाने वाद घालत होते.

नवऱ्याने दोघांसाठी खुर्च्या नेऊन ठेवल्या.