मी वेंडेलचा स्वस्तातला मदरबोर्ड

मी एक मदरबोर्ड बोलतोय. मला तसा आवाज नाही. सुरू होताना बारीकशी शिट्टी वाजायची, तेवढंच माझं बोलणं. आज सकाळी तीही वाजली नाही, म्हणून म्हटलं, राहिलेलं सांगून टाकावं.

जन्म माझा तैवानचा. एका लांबलचक खोलीत, पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींच्या हातांखालून मी पुढे पुढे सरकत गेलो. हिरवी पाटी, तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा आणि मधोमध चिपसेट. कुठला निरोप कुठल्या वाटेने जायचा, कुणी थांबायचं, कुणी पुढे व्हायचं, हे सगळं तो चिपसेट ठरवतो. घरात एखादं वडीलधारं माणूस असतं ना, कमी बोलणारं, पण त्याच्यावाचून पान न हलणारं, तसा तो. मग खोका, मग जहाज. पुन्हा उजेड दिसला तो मिनेसोटातल्या टॉवर गावी, व्हर्ना कांगासच्या दुकानात.

दुकान मासेमारीच्या सामानाचं. गळ, दोरे आणि फ्रीजमध्ये गांडुळांचे डबे. हिवाळ्यात तळं गोठलं की गिऱ्हाईक कमी, म्हणून व्हर्नाने एका भिंतीला कॉम्प्युटरचे सुटे भाग मांडले होते. माझ्या शेजारी वर्षभर गांडुळं होती. शांत शेजार. कधी तक्रार नाही.

एका जानेवारीत वेंडेल आला, आडनाव आहो. शाळेची बस चालवणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. टोपीवरचा बर्फ झटकून म्हणाला, "व्हर्ना, मला वेगवान कॉम्प्युटर पाहिजे. पण खिसा बसवाल्याचा आहे."

"वेग कशाला हवाय तुला? बस तर तीसच्या वर नेत नाहीस. पोरं चालत पुढे जातात म्हणे."

"रूडीबरोबर उडायचंय."

व्हर्नाचं हसू तिथेच थांबलं. रूडी म्हणजे वेंडेलचा थोरला भाऊ. त्यांच्या वडिलांचं पाण्यावर उतरणारं छोटं विमान होतं. त्यातून ते कोळी आणि टपाल दूरच्या बेटांवर पोचवायचे, आणि दोघा भावांनी उडायला शिकून घेतलं ते गावाजवळच्या व्हर्मिलियन तळ्यावर. रूडी आता ॲरिझोनात लेकीकडे होता. हातांना कंप सुटला होता, आणि तो महिन्यामहिन्याला वाढत होता. लेकीने त्याला विमान उडवायचा खेळ घालून चांगला कॉम्प्युटर दिला होता. फोनच्या तारेवरून दोघांना एकाच आभाळात उडता येत होतं. पण वेंडेलचं जुनं यंत्र इतकं अडखळायचं, की विमान एकदा दिसे आणि मग थेट डोंगरात सापडे.

"पुढच्या रविवारनंतर त्याला शुश्रूषागृहात हलवतायत," वेंडेल म्हणाला. "तिथे कॉम्प्युटर नाही. रविवारी दुपारी एकदा आमच्या तळ्यावर उतरायचंय दोघांनी. बस्स."

व्हर्नाने काउंटरवर तीन मदरबोर्ड मांडले. पहिला नव्या चिपसेटचा, रुबाबदार. वेंडेलने किंमत पाहिली आणि हात मागे घेतला. दुसरा सगळ्यांत स्वस्त. चित्र, आवाज, सगळं त्याच्यातच.

"हा नको," व्हर्ना म्हणाली. "याला कारखान्याने जो वेग दिला तोच. मेला तरी वाढवू देणार नाही." मग तिने मला पुढे सरकवलं. "हा घे. चिपसेट मागच्या सालचा आहे, पण भरवशाचा. या इथल्या पिना बघ. ही इवलीशी प्लास्टिकची टोपी इथून काढून तिथे लावली की वेग दीडपट. प्रोसेसरही हलक्यातला घे, तो धावेल. फक्त तापेल. थंड ठेवायला लागेल."

"थंड?" वेंडेलने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर उणे तीस होतं. "थंडीच तर आमच्याकडे फुकट मिळते."

असा मी निवडला गेलो. उत्तम म्हणून नव्हे, परवडणारा आणि ऐकणारा म्हणून. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

वेंडेलने मला परसात, सौनाच्या म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या बाहेरच्या खोलीत बसवलं. त्या भागात बहुतेक घरांमागे अशी लाकडी खोपटी असते. आत तापलेले दगड आणि वाफ, बाहेरच्या बिनशेगडीच्या खोलीत कपडे टांगायच्या खुंट्या. स्वयंपाकघरातून बर्फावरून वीज आणि फोनची तार ओढून आणली.

त्याची बायको मार्लिस दारात उभी राहून बघत होती. "तिथे माणसं अंडरवेअर टांगतात, वेंडेल. कॉम्प्युटर नाही."

"घरात ठेवला तर तापतो गं."

"मग तूही तिथेच झोप. तूही तापतोस."

त्या आठवड्यात मी जो धावलो! प्रोसेसर दीडपट वेगाने, चिपसेट एकही निरोप न सांडता, आणि थंड हवा माझ्या अंगावरून वाहत होती. पडद्यावर तळं उमटलं, काठाची पाईन झाडं, ढग, ढगांच्या सावल्या. वेंडेल कोट आणि हातमोजे घालून बसायचा, एकटाच सराव करायचा आणि हसायचा. रोज फोनवर सांगायचा, "रूडी, झाडं मोजता येतात रे!" आयुष्यात मी एवढा कुणाच्या उपयोगी पडलो नाही, ना आधी ना नंतर.

मग शनिवार आला. शनिवारी सौना तापायचीच. आजोबांपासूनची रीत, लग्न असो, मयत असो, ती चुकत नाही. वेंडेलनेच हाताने लाकडं आणून लावली. सवयच ती, तिला विचार लागत नाही. नवरा-बायको आत बसले, दगडांवर पाणी ओतलं. मी बाहेरच्या खोलीत बंद होतो, लोखंडासारखा गार.

दार उघडलं आणि वाफेचा लोट अंगावर आला. क्षणात माझ्यावर दहिवर. वाटन् वाट ओली. वेंडेल लालबुंद होऊन, टॉवेल गुंडाळून आला आणि खुशीत म्हणाला, "उद्यासाठी एकदा बघून घेतो."

त्याने बटण दाबलं. फट्ट झालं. जळका वास सुटला.

वेंडेल तसाच उघडा, उणे तिसात उभा राहिला. "मार्लिस," म्हणाला, "मी काय केलं गं."

मार्लिस नेहमी तोंडाने फटकळ. पण आत्ता धावत बाहेर आली. आधी त्याच्या खांद्यावर कोट टाकला, मग व्हर्नाला फोन लावला.

व्हर्ना दुकान बंद करून तशीच आली. चष्मा कपाळावर सारून तिने मला न्याहाळलं. "आजच्या दिवसात पुन्हा बटणाला हात लावलास तर तुला गळाला लावीन," तिने वेंडेलला दम दिला. मग हळू म्हणाली, "वीज पुरवणारा एक तुकडा गेलाय. बाकीचे भार उचलतील बहुतेक. वाळला तर साध्या वेगाने चालेल. पळायचा मात्र नाही आता." तिने पिनेवरची टोपी काढून जुन्या जागी लावली.

मला स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या चुलीवर, जिथे ओले हातमोजे वाळत घालतात त्या जाळीवर ठेवलं. एका बाजूला वेंडेलचे मोजे, दुसऱ्या बाजूला मार्लिसचे. मार्लिस अधूनमधून येऊन मला उलटायची, जशी भाकरी उलटावी.

रविवारी दोघं चर्चहून आल्यावर मी सुरू झालो. शिट्टी वाजली. पण चित्र अडखळत होतं. विमान दोन फूट सरकायचं आणि थांबायचं.

वेंडेलने फोन उचलला. "रूडी, मी वाट लावली. सौनाजवळ ठेवला होता. शनिवारी."

पलीकडे रूडी इतका हसला की त्याला ठसका लागला. "शनिवारी! अरे गाढवा, बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं."

"चित्र चालत नाही रे. आज शेवटचा..."

"रडू नकोस. झाडं काढ."

"काय?"

"झाडं बंद कर. ढग बंद कर, सावल्या, डोंगर, सगळं. पाणी ठेव आणि आभाळ ठेव. बघ मग. मीही काढतो माझ्याकडची. दोघांना एकच दिसलं पाहिजे."

वेंडेलने एकेक गोष्ट बंद केली. प्रत्येकीसरशी माझा भार हलका होत गेला. शेवटी खाली निळं, वर फिकट निळं, एवढंच उरलं. आणि विमान सरळ चाललं. न थांबता.

फोनची तार आता खेळाला लागली होती, त्यामुळे बोलणं पडद्यावर अक्षरांनी. डावीकडे रूडीचं विमान दिसलं. ते डुलत होतं, कारण त्याचे हात थरथरत होते. वेंडेलने वेग कमी केला; रूडीने तोल सावरला की थोडा वाढवायचा, तो डुलला की पुन्हा कमी करायचा. मी माझं सगळं बळ लावून दोघांना एका चित्रात धरून ठेवलं. चुकलो नाही. एकदाही नाही.

दोघं पाण्यावर टेकले. रूडीची अक्षरं एकेक करून उमटली. "विमान धक्क्याला कोण बांधणार?"

"धाकटा," वेंडेलने लिहिलं. "नेहमी धाकटाच बांधायचा."

"मग बांध. मी जातो पुढे."

तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आत रूडी गेला.

नंतर माझं काम संपत आलं. पुतणीने नवा कॉम्प्युटर पाठवला. मी तळघरात, लोणच्यांच्या बरण्यांशेजारी. पण दर जानेवारीत एका रविवारी वेंडेल खाली यायचा, मला लावायचा आणि त्या रिकाम्या निळ्यावर एकटाच उडायचा. डावीकडची जागा सोडून. इतकी वर्षं.

आज तो आला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. माझे वीज पुरवणारे उरलेले तुकडेही फुगलेत आता. मार्लिस जिन्यावरून म्हणाली, "वर ये रे. नव्यावर उड ना, तोच खेळ तर आहे."

"त्यावर झाडं दिसतात," वेंडेल म्हणाला.

मार्लिस पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी बसली. दोघं अजून तिथेच बसलेत.

वेंडेल, माझी शिट्टी तुला ऐकू येत नाही, तरी सांगतो. मला दुरुस्त करू नकोस, भंगारात जाऊ दे. माझ्यात चिमूटभर तांबं आहे, कुणाच्या तरी कामी येईल. तू वर जा. झाडं बघ, ढग बघ. रूडीने ती झाडं काढली होती माझ्यासाठी, मला भार सोसत नव्हता म्हणून. तुझ्यासाठी नव्हे.