तीन बोटांची फट

कुणालीचं सिझर होऊन साडेपाच महिने झाले, तरी पोट काही मागे हटायला तयार नव्हतं. सापगावातली कुणी बाई दारावरून गेली की आधी पोटाकडे बघायची, मग विचारायची, "गो, अजून एक हाय का आत?" कुणाली हसून सोडून द्यायची. तिला डाचत होतं ते वेगळंच. पोटात जोरच राहिला नव्हता. जमिनीवरून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, मग भिंत धरायची. आणि हीच कुणाली नवी नवरी असताना गौरीच्या दिवशी मुरबाडच्या नणंदेला फुगडीत हरवून मोकळी झाली होती! ती नणंद म्हणजे जया. आपल्यापुढे टिकेल अशी बाई शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांत जन्मली नाही, असं जयाचं स्वतःचं म्हणणं होतं.

गौरी सहा आठवड्यांवर आल्या आणि जयाचा फोन आला.

"वयनी, यंदा तू पाटावर बसून टाळ्या वाजव हां. तुझ्या पोटाला माझ्या फुगडीचा वारा पण सोसायचा नाय."

कुणालीने फोन ठेवला आणि सासूपुढे जाऊन उभी राहिली. "आई, मला यंदा फुगडी खेळायचीय."

कमळाबाईने सुनेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग चल शहापूरला. टाके त्यांनी घातले, आता घट्ट पण त्यांनीच करून देऊ दे."

शहापूरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायला नेहा मॅडम होत्या. अंगाने काडी. त्यांनी कुणालीला उताणं निजवलं, डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं रोवली.

"तीन बोटं."

"काय तीन बोटं?" कमळाबाई घाबरली.

"बाळ वाढताना पोटाचे मधले स्नायू दोन बाजूंना सरकतात, आजी. मधे फट राहते. ती दोन बोटांवर आली, पोटात जोर आला, की मग फुगडीचं बघू. श्वास सोडताना बेंबी पाठीकडे ओढायची. गुडघे मोडून निजायचं, एक टाच हळूच पुढे सरकवायची. उठाबशा नकोत आणि पोट करकचून बांधणं बंद."

बांधणं कमळाबाईचंच होतं. तिने खिडकीबाहेर बघितलं. "आन् चरबी?"

"ती चालून आणि धीराने जाईल. उपाशी ठेवू नका, पोरगी अंगावर पितेय."

दुसऱ्या दिवसापासून घरात कसरत सुरू झाली. कुणाली चटईवर, शेजारी पोरगी, डोक्याशी कमळाबाई. "ओढ बेंबी! दावं ओढतेस तशी ओढ! सोड श्वास, फूऽऽ!" आणि सुनेबरोबर तीही फूऽऽ करायची. स्वरूप कामावरून आला, बायको आणि आई दोघी फुत्कार सोडताना बघितल्या, आणि डबा हातात घेऊन तसाच मागे फिरला. "तुमचं होऊ दे, मी नंतर येतो."

दहाव्या दिवशी कमळाबाईला राहवेना. हात धुऊन तिने स्वतःच मोजलं.

"दोनच! कुणाले, दोनच गो!"

दिवेलागणीपर्यंत अख्ख्या सापगावाला कळलं. मुरबाडला फोन गेला. "जये, आली गो ती दोन बोटांवर! कंबर कसून ये."

चार दिवसांनी दोघी ऐटीत दवाखान्यात गेल्या. नेहा मॅडमनी मोजलं. "तीनला जराशी कमी."

"असं कसं? घरी दोन होती!" कमळाबाई उसळली. "त्या रिक्षावाल्याने खड्ड्यातनं नेली, परत उघडली असंल."

"घरी कुणी मोजली?"

कमळाबाईने हात वर केला. मॅडमनी आपला हात त्याशेजारी धरला. एक हात चाळीस वर्षं भाताची आवणी केलेला, बोटं गाजरासारखी. दुसऱ्याची बोटं गवारीच्या शेंगा. कुणालीने निजल्या निजल्या ते दोन हात बघितले आणि तिला हसू फुटलं. टाके पडल्यापासून ती दोन्ही हातांनी पोट धरूनच हसायची. आज धरायचं विसरली. हसली, खदखदली, डोळ्यांतून पाणी आलं. मॅडमचा दुसरा हात पोटावरच होता.

"थांबा! नाही, थांबू नका, हसा! आजी, पोट आत ओढलं जातंय. फुगवटा नाही मधे. हाच तो जोर!"

"पन मुरबाडला फोन गेलाय ना," कमळाबाई बारीक आवाजात म्हणाली.

"चार आठवडे आहेत. मोजायचं मी. तुम्ही हिला हसवा."

असं काम कमळाबाईला जन्मात कुणी दिलं नव्हतं. तिने शेजारच्या सोमीची शिंक काढून दाखवली, जयाची चाल काढली, व्याह्यांचं घोरणं काढलं. कुणाली हसायची, श्वास सुटायचा, बेंबी आत जायची. तिसऱ्या आठवड्यात भिंत सुटली, मग कोपर सुटलं. गौरींच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "दोन. पण उभीच फुगडी. उड्या नाहीत, बसफुगडी नाही. दुखलं की सोडायचं."

गौरीच्या दिवशी जया भरदुपारी आली ती पदर खोचूनच. पोटाकडे बघून म्हणाली, "हाय की अजून!"

"हाय ना. ते पन खेळणार तुझ्यासंगं, ताई."

बाया हसून लोळल्या. दोघींनी पाऊल पावलाला लावलं, हात अडकवले, अंग मागे टाकलं. फू, फू! बांगड्या खणखणल्या. गौर फिरली, दार फिरलं, बाया फिरल्या, हिरवी साडी लाल साडीत मिसळली. कुणालीने पोटाकडे लक्ष दिलं. दुखत नव्हतं. धरून होतं, आतून, आपणहून! तिला असं हसू आलं की जयालाही आवरेना.

"वयनी, सोड! गरगरतंय!"

"सोडलं तर पडशील गो!"

"सोड मेले!"

हळूहळू गती उतरली आणि जया मटकन खाली बसली. कुणाली उभी होती, गाल लाल, केस मोकळे.

"दुसरी कोन येतंय?" तिने विचारलं.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून आवाज आला, "सरका गो," आणि कमळाबाई पदर खोचत पुढे आली.